चव्वेचाळीस मिनिटं आणि चार माणसं : युनायटेड २३२ चं प्रकरण

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान आयोवा राज्यावरून ३७,००० फुटांवर चाललं होतं. विमानात २९६ माणसं. कॉकपिटमध्ये जेवणं आटोपून कॉफी चालली होती. दुपारी ३ वाजून १६ मिनिटांनी शेपटीकडून मोठा स्फोट ऐकू आला आणि विमान थरथरलं. मधलं, म्हणजे शेपटीतलं दोन नंबरचं इंजिन गेलं होतं.

एक इंजिन जाणं हा अनुभवी वैमानिकाला घाबरवणारा प्रकार नाही. त्यासाठीची यादी ठरलेली असते. कॅप्टन अल हेन्स आणि फ्लाइट इंजिनिअर डडली ड्वोरॅक यादीप्रमाणे इंजिन बंद करण्याच्या कामाला लागले. तेवढ्यात को-पायलट विल्यम रेकॉर्ड्स म्हणाले, "अल, विमान माझ्या ऐकण्यात राहिलेलं नाही." हेन्सनी वळून पाहिलं. रेकॉर्ड्सनी कंट्रोल पूर्ण डावीकडे वळवून पोटाशी ओढून धरला होता. इतक्या उंचीवर तो असा धरलेला कोणी कधी पाहत नाही. आणि विमान मात्र उजवीकडे कलंडत, नाक खाली घालून चाललं होतं.

इंजिनातली पंख्याची चकती फुटून तिचे तुकडे शेपटीत घुसले होते. डीसी-१० मध्ये हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणाऱ्या, तीन स्वतंत्र यंत्रणा असतात, एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. पण शेपटीत त्या तिघींच्या नळ्या जवळून जातात आणि तिथेच तुकडे लागले. तेल वाहून गेलं. आता पंखांवरचे पडदे हलणार नव्हते, शेपटी हलणार नव्हती, सुकाणू नव्हतं, जमिनीवर ब्रेकही लागणार नव्हते. तिन्ही यंत्रणा एकदम जातील असं विमान बांधणाऱ्यांनी धरलंच नव्हतं, त्यामुळे त्यासाठी यादीही नव्हती. हेन्सनी हात घालून डाव्या इंजिनाचा जोर तोडला, उजव्याचा वाढवला. उजवा पंख हळूहळू वर आला. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करणं, एवढंच एक हत्यार हाती होतं.

कारखान्यात सुपरवायझर मंडळींना शिकवताना हे प्रकरण मी गेली अनेक वर्षं वापरतो. विमानाची गोष्ट म्हणून लोक कान टवकारतात, पण मला सांगायचं असतं ते विमानाबद्दल नाही. या कॉकपिटमध्ये पुढची ४४ मिनिटं माणसं एकमेकांशी कशी बोलली, आणि ती तशी बोलू शकली याचं कारण किती वर्षं आधी घडलं होतं, हे मला सांगायचं असतं.

चौथा माणूस

ड्वोरॅकनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीच्या देखभाल विभागाशी संपर्क साधला. तिथे तज्ज्ञ होते, जाडजूड पुस्तकं होती. तिकडून पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येत राहिला : तिन्ही हायड्रॉलिक गेल्या? नक्की तिन्ही? ते खरं वाटायलाच त्यांना वेळ लागला, आणि खरं वाटल्यावरही सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

पहिल्या वर्गात डेनिस फिच नावाचे प्रवासी बसले होते. याच कंपनीत ते डीसी-१० च्या वैमानिकांना शिकवत आणि त्यांची परीक्षा घेत, पण त्या दिवशी घरी चालले होते. १९८५ साली जपान एअरलाइन्सचं १२३ हे विमान सगळ्या हायड्रॉलिक गमावून कोसळलं होतं आणि ५२० माणसं गेली होती. तेव्हापासून नुसत्या इंजिनांच्या जोरावर विमान हाकता येईल का, हा विचार फिचच्या डोक्यात होता. त्यांनी एअर होस्टेसकडून निरोप धाडला : मदत हवी असेल तर मी इथे आहे. हेन्स म्हणाले, त्यांना वर पाठवा.

इथे मी वर्गात थांबतो. कॅप्टन हेन्स तेव्हा ५७ वर्षांचे होते, त्याच कंपनीत तीन दशकं घालवलेले. बाहेरून आलेल्या माणसाला अशा क्षणी आत घेणं म्हणजे मला हे एकट्याला जमत नाही असं आपल्या माणसांसमोर कबूल करणं. हेन्सनी ते एका वाक्यात केलं. फिच आत आले, त्यांना केबिनमध्ये परत जाऊन खिडकीतून पंखावरचे पडदे हलतात का ते बघून यायला सांगितलं गेलं. ते बघून आले : हलत नाहीत. मग दोन खुर्च्यांच्या मधल्या अरुंद जागेत बसून त्यांनी दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, हातात घेतले. हेन्स आणि रेकॉर्ड्सना कंट्रोल सोडवत नव्हता, त्यामुळे थ्रॉटल सांभाळायला मोकळे हात फिचचेच होते.

कॉकपिटमधलं बोलणं टेपवर आहे, आणि त्यात एक लहानशी जागा मला फार मोलाची वाटते. विमान वर-खाली डोलत असताना, काम चालू असताना, हेन्स म्हणतात : माझं नाव अल हेन्स. फिच म्हणतात : हाय अल, मी डेनी फिच. कसे आहात, डेनी? बस्स, इतकंच. या दोघांची आधी ओळख नव्हती. बरोबर जेवण नव्हतं, सहल नव्हती, वाढदिवसाचा केक नव्हता. आपल्याकडे संघभावना म्हटलं की रिसॉर्ट बुक होतो आणि दोरीखेच खेळतात. त्याला माझा विरोध नाही, माणसं मोकळी होतात. पण हेन्स आणि फिचना जोडणारी गोष्ट वेगळी होती. दोघंही एकाच पद्धतीने बोलायला शिकलेले होते.

"का?" "इंधन."

ही पद्धत कुठून आली हे कळायला अकरा वर्षं मागं जावं लागतं. २८ डिसेंबर १९७८. तीच कंपनी, विमान डीसी-८, उड्डाण क्रमांक १७३, पोर्टलंड शहर. उतरायच्या तयारीत चाकं खाली सोडताना मोठा दणका बसला, आणि चाक नीट अडकल्याचा हिरवा दिवा लागला नाही. कॅप्टननी उतरणं लांबवलं. चाकाचं काय करायचं, प्रवाशांना आपत्कालीन उतरणीसाठी कसं तयार करायचं, यात ते गुंतून गेले. विमान शहराजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं.

इंधन संपत चाललं होतं, आणि ते फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. कॅप्टननी आणखी पंधरा मिनिटं धरून हिशेब करायला सांगितला, तेव्हा तो म्हणाला की पंधरा मिनिटांत इंधन फारच खाली जाईल. हे टेपवर आहे. म्हणजे त्याने सांगितलं होतं. पण कॅप्टनचं मन चाकात होतं, ते वाक्य एक माहिती म्हणून कानावरून गेलं. नंतरही इंधनाचे आकडे बोलले गेले. पण "आत्ता उतरलो नाही तर आपण पडणार आहोत" असं कोणी म्हणालं नाही. मग एक इंजिन बंद पडायला लागलं. को-पायलटनी ते सांगितलं. कॅप्टननी विचारलं, का? उत्तर आलं : इंधन. त्या क्षणापर्यंत कॅप्टनच्या डोक्यात ते शिरलेलंच नव्हतं. विमान पोर्टलंडच्या उपनगरात, धावपट्टीपासून काही मैल अलीकडे पडलं. १८९ पैकी दहा माणसं गेली. त्या दहांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

हे वाचताना मला दरवेळी आमच्या शॉप फ्लोअरवरची एक सकाळ आठवते. मी शिफ्ट इंजिनिअर होतो. ग्राइंडिंग मशीनवरचा एक जुना ऑपरेटर जवळ येऊन म्हणाला, "साहेब, स्पिंडलचा आवाज जरा वेगळा वाटतोय." मी प्रॉडक्शनच्या आकड्यांत होतो. "बघू," म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो मशीनपाशी थांबून माझ्याकडे बघत होता, पण काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्पिंडल जाम झाला. माणूस वाचला, मशीन आठवडाभर बंद राहिलं. त्याने सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्याने सांगितलं होतं. आमच्या भाषेत वरच्या माणसाला सांगायचं ते असंच असतं : "जरा", "वाटतोय", "बघता का". आपण याला नम्रपणा म्हणतो. त्या नम्रपणात त्याची वीस वर्षांची खात्री दबून गेली, आणि ती उकरून काढायचं काम माझं होतं.

पोर्टलंडच्या चौकशीत अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोन्ही बाजूंवर बोट ठेवलं. कॅप्टनने इंधनाकडे आणि सहकाऱ्यांच्या सूचनांकडे लक्ष दिलं नाही, हे मुख्य कारण. आणि सहकाऱ्यांना गांभीर्य पुरतं कळलं नाही किंवा ते कॅप्टनपर्यंत पोचवता आलं नाही, हे त्याला हातभार लावणारं कारण. मंडळाची शिफारसही दुहेरी होती : कॅप्टनना सगळ्यांना सहभागी करून घेणारं नेतृत्व शिकवा, आणि बाकीच्यांना ठामपणे बोलायला शिकवा. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. आपल्या कंपन्यांमध्ये यातला फक्त दुसरा अर्धा भाग घेतला जातो. कामगारांना सांगतात, मोकळेपणाने बोला, सूचनापेटीत चिठ्ठी टाका. साहेबांना ऐकायला कोणी शिकवत नाही.

१९७९ मध्ये नासाने या विषयावर वैमानिकांची आणि संशोधकांची कार्यशाळा भरवली आणि युनायटेडने लवकरच आपल्या सगळ्या वैमानिकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. पुढे त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे सीआरएम, हे नाव रुळलं. त्यात भाषणं होती, पण खरं काम सिम्युलेटरमध्ये होतं. पूर्ण उड्डाण करायचं, मधेच बिघाड घालायचा, आणि नंतर आपलंच व्हिडिओ चित्रण सगळ्यांनी मिळून बघायचं. मी कुठे ओरडलो, मी कुठे गप्प बसलो, त्याने तीन वेळा सांगितलं आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. वर्षानुवर्षं उड्डाण केलेल्या कॅप्टनला स्वतःला असं बघणं सोपं गेलं नसणार. हेन्सनी नंतर भाषणांमध्ये स्पष्ट सांगितलं की त्याआधी कॅप्टन म्हणेल तीच पूर्व दिशा असायची, आणि त्यापायी काही विमानं गेली.

पुन्हा आयोवा

आता त्या ४४ मिनिटांकडे परत. हेन्सच्या हिशेबाने त्या कॉकपिटमध्ये चौघांचा मिळून १०३ वर्षांचा उड्डाणाचा अनुभव होता, आणि त्यातल्या एका मिनिटाचाही सराव या प्रसंगासाठी झालेला नव्हता. मग ज्याला माहीत नाही तो हुकूम कुठल्या तोंडाने सोडणार? हेन्सनी हुकूम सोडले नाहीत असं नाही, शेवटचा शब्द त्यांचाच होता. पण ते विचारत राहिले. चाकं खाली सोडायची का? सोडली तर काय होईल? उजवीकडेच वळता येतंय, मग तिकडूनच फेरी घ्यायची का? या बोलण्याचा नंतर अभ्यास झाला तेव्हा मिनिटाला सरासरी ३१ वेळा बोलणं झालेलं आढळलं, काही वेळा तर सेकंदाला एक. गोंधळ म्हणावा तर तोही नाही. एक बोलतो, दुसरा ते परत म्हणून पक्कं करतो, तिसरा त्यावरून पुढची गोष्ट सांगतो.

विमान मिनिटा-मिनिटाला डोलत होतं. नाक खाली गेलं की वेग वाढायचा, वेग वाढला की नाक वर यायचं, वर आलं की वेग पडायचा. फिचना प्रत्येक हेलकाव्याच्या आधी हात हलवावा लागे. दिसल्यावर हलवला तर उशीर. त्यासाठी बाकीच्यांनी त्यांना उंची, वेग, दिशा सतत सांगत राहणं गरजेचं होतं. त्यांचे डोळे आणि कान बाकीचे तिघं झाले होते.

उतरायच्या थोडं आधी ड्वोरॅकनी फिचना विचारलं : तुम्ही माझ्या खुर्चीत बसता का? फिच म्हणाले : हो, तुमची हरकत नाही ना? ड्वोरॅक म्हणाले : अजिबात नाही, तुम्हाला यातलं कळतंय असं मला वाटतं. आणि ते उठून मागच्या जादा आसनावर जाऊन बसले. मी हे वर्गात दोनदा वाचून दाखवतो. खुर्ची ही काय चीज आहे हे आपल्याकडे कोणाला समजवावं लागत नाही. जमिनीवर आदळायला काही मिनिटं उरलेली असताना, आपली नेमून दिलेली जागा, आपले पट्टे, आपली यंत्रं एका जवळजवळ अनोळखी माणसाला द्यायची, तेही न मागता, स्वतःहून. फिचना आत बोलावताना हेन्सनी जे केलं तेच शेवटी ड्वोरॅकनी केलं. वरून सुरू झालेली गोष्ट खालपर्यंत पोचली होती.

हसणंही होतं. फिच म्हणाले, हे सगळं संपलं की बिअर घेऊ. हेन्स म्हणाले, मी पीत नाही, पण आज नक्की घेईन. विमान आयोवातल्या सू सिटी शहराच्या विमानतळाकडे चाललं होतं. तिथल्या कंट्रोलरनी, केव्हिन बाखमननी, कुठल्याही धावपट्टीवर उतरायची परवानगी दिली तेव्हा हेन्स हसून म्हणाले, धावपट्टीच हवी असा तुमचा हट्ट आहे तर! ताण हलका करणारी ही दोन वाक्यं ऐकली की घाबरलेल्या वर्गातही श्वास सुटल्याचा आवाज येतो.

जमिनीवरही तयारी होती. सू सिटी परिसरात दोन वर्षांपूर्वी, १९८७ साली, मोठ्या विमान अपघाताची रंगीत तालीम झाली होती. आसपासच्या गावांची अग्निशमन दलं एकमेकांना ओळखत होती. रुग्णालयांत शिफ्ट बदलायची वेळ होती, दोन्ही शिफ्टची माणसं थांबली. एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलाचे २८५ जण त्या दिवशी तळावरच होते. यातला काही भाग निव्वळ नशीब, हेन्सनीही तसंच म्हटलं. पण तालीम नशिबाने होत नाही.

४ वाजता विमान २२ क्रमांकाच्या, वापरातून बंद केलेल्या धावपट्टीवर उतरलं. लांबी फक्त ६,६०० फूट, त्यावर अग्निशमनाच्या गाड्या उभ्या होत्या, त्या घाईने हलवल्या. वेग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, ब्रेक नाहीत. अगदी शेवटच्या क्षणी उजवा पंख खाली गेला आणि जमिनीला लागला. विमान तुटलं, पेटलं, उलटलं, मक्याच्या शेतात जाऊन पडलं. ११२ माणसं गेली, त्यातला एक जण महिन्याने. १८४ वाचली.

हा आकडा सांगताना मी आवाज चढवत नाही. ११२ घरं आहेत ती. आणि या गोष्टीला दुसरीही बाजू आहे : त्या चकतीत धातू बनवतानाच दोष राहिला होता, त्यातून तडा वाढत गेला, आणि देखभालीच्या तपासणीत तो तडा सापडला नाही. चौकशीत हे स्पष्ट नोंदलं आहे. म्हणजे वर कॉकपिटमध्ये जे जमलं ते त्याच कंपनीत खाली हँगरमध्ये जमलं नव्हतं. केबिन क्रूच्या प्रमुख जॅन ब्राउन यांनी त्या वेळच्या नियमाप्रमाणे मांडीवरच्या तान्ह्या मुलांना विमानातल्या फरशीवर ठेवायला सांगितलं. त्यातलं एक मूल वाचलं नाही. ब्राउन पुढे कित्येक वर्षं लहान मुलांसाठी वेगळ्या आसनाचा नियम व्हावा म्हणून झगडत राहिल्या. चांगल्या टीमकडूनही नियम पाळून चूक होऊ शकते, आणि तेव्हा कोणीतरी नियमाविरुद्ध बोलायला लागतं.

चौकशी मंडळाने नंतर सिम्युलेटरवर अनेक वैमानिकांकडून हाच प्रसंग करवून घेतला. असं विमान सुरक्षित उतरवण्याचं प्रशिक्षण देता येण्यासारखं नाही असा निष्कर्ष निघाला, आणि या चौघांची कामगिरी वाजवी अपेक्षेच्या कितीतरी पलीकडची होती असं अहवालात लिहिलं गेलं. म्हणजे उतरायचं कसं हे कोणी शिकवू शकत नव्हतं. शिकवता आलं होतं ते फक्त बोलणं.

आपल्याकडे

२२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ हे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. चौकशीत दिसलं की को-पायलटनी उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना तीनदा केली होती. सीआरएमचं प्रशिक्षण तेव्हा आपल्याकडेही होतंच. प्रमाणपत्र भिंतीवर असणं आणि तीनदा सांगावं लागलं ते पहिल्याच वेळी ऐकू येणं, यात अंतर आहे.

आमच्या सुपरवायझरांना मी वाक्याची एक घडण शिकवतो. ती वैमानिकांच्या प्रशिक्षणातूनच घेतलेली आहे, फक्त आपल्या तोंडात बसेल अशी केली आहे. "साहेब" राहू द्या. "अहो" राहू द्या. आदर काढून टाकायचं काही कारण नाही, आणि काढायला सांगितलं तर माणसं बोलायचीच थांबतात. काढायचं ते "जरा" आणि "वाटतोय". त्या ऑपरेटरने म्हणायला हवं होतं ते असं : "साहेब, स्पिंडलचा आवाज सकाळपासून बदललाय. बेअरिंग जाणार. मशीन थांबवून बघूया. तुमचं काय म्हणणं?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याला "बघू" म्हणून सुटता येत नाही.

आणि साहेबांसाठी एकच गोष्ट, शिफ्ट सुरू होताना. कॉन्ट्रॅक्टवरच्या नव्या पोराला "ए" म्हणून हाक मारायची नाही, नाव विचारायचं, आपलं सांगायचं. मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी एक पोरगा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. चार महिन्यांनी त्यानेच कन्व्हेअर थांबवून मला बोलावलं. कन्व्हेअरवरच्या संरक्षक गार्डचा बोल्ट निघालेला होता.

सू सिटीच्या शेतात त्या दिवशी बचाव पथकं जखमींना उचलत होती. कॉकपिट तुटून बाजूला पडलं होतं, इतकं चेपलेलं, कमरेएवढं, की त्यात माणसं असतील असं कोणाला वाटलंच नाही. सुमारे ३५ मिनिटं लोक त्याच्या बाजूने ये-जा करत होते. मग कोणाला तरी आतून हालचाल जाणवली. चौघेही त्या ढिगात होते, आणि चौघेही जिवंत होते.